संघर्ष शमल्यानंतरच्या गावात संवाद आणि भागीदारीचे काम: नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

लातूर, नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरहून समाजकार्याची अथवा पत्रकारितेची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना स्वयंसेवी संस्थांच्या जाहिरातींत ‘संवाद व भागीदारी अधिकारी’ असे एक पद दिसते. कामांची यादी लांबलचक असते: अहवाल लिहिणे, छायाचित्रे काढणे, समाजमाध्यमे सांभाळणे, देणगीदारांशी पत्रव्यवहार करणे, शासकीय कार्यालयांशी समन्वय ठेवणे. हे सर्व ज्या गावात करायचे, त्या गावाबद्दल मात्र जाहिरातीत काही लिहिलेले नसते. दोन महिन्यांपूर्वी मिरवणुकीवरून दगडफेक झाली, चार-सहा दुकाने जळाली, एका वस्तीतली माणसे पाहुण्यांकडे निघून गेली आणि आता दबकत परत येत आहेत, अशा गावात पहिले सहा महिने कसे काढावेत, यासाठी हा लेख आहे.

या कामाला जगभर शांतता-उभारणी म्हणतात. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस बुत्रोस बुत्रोस-घाली यांनी १९९२ च्या अहवालात संघर्षोत्तर शांतता-उभारणी ही संज्ञा ठळकपणे मांडली. डिसेंबर २००५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र आयोग स्थापन झाला, २००६ मध्ये निधी सुरू झाला, आणि आयोगाने आरंभी हाती घेतलेले देश होते बुरुंडी आणि सिएरा लिओन. मराठवाडा त्या यादीतला नाही. येथील भांडणे गाव, वस्ती आणि जात-धर्माच्या पातळीवरची असतात, आणि त्यांना युद्धाची भाषा लावली तर ती वाढतात. तरीही तिथल्या अनुभवांतले काही येथे थेट उपयोगी पडते, म्हणून अधूनमधून त्यांचा उल्लेख करणार आहे.

नव्या सहकाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी एक कसोटी सांगतो. गावाबाहेर जाणारा प्रत्येक मजकूर, मग तो देणगीदाराचा तिमाही अहवाल असो, वर्तमानपत्राला दिलेली बातमी असो की फोटोखालची ओळ असो, गावात मोठ्याने वाचून दाखवता येईल असा असावा, आणि शक्य असेल तेव्हा तो पाठवण्यापूर्वी खरोखर वाचून दाखवावा. पूर्वी अहवाल पुण्याला किंवा दिल्लीला जाऊन कपाटात पडत असे. आता तो आठवड्याभरात कुणाच्या तरी मोबाईलवरून गावाच्या ग्रुपवर परत येतो. आपल्याविषयी बाहेर काय सांगितले गेले, हे लोकांना बाहेरून कळले की आधीचे सहा महिने वाया जातात.

कोलंबियात २०१६ साली हेच मोठ्या प्रमाणावर घडले. सरकार आणि फार्क बंडखोर यांच्यात हवानामध्ये चार वर्षे वाटाघाटी चालल्या. २६ सप्टेंबरला कार्ताहेना शहरात परदेशी पाहुण्यांच्या उपस्थितीत करारावर थाटामाटात सह्या झाल्या, आणि सार्वमत त्यानंतर २ ऑक्टोबरला घेण्यात आले. २९७ पानांचा तो करार मतदारांनी निसटत्या फरकाने नाकारला. त्यामागे राजकीय कारणे अनेक होती, परंतु सोहळा आधी आणि संमती नंतर हा क्रम नजरेत भरतो. पुढे करारात दुरुस्त्या करून तो नोव्हेंबरमध्ये संसदेतून संमत करून घ्यावा लागला.

पहिला महिना: गावाची कालगणना

पहिल्या महिन्यात कॅमेरा पिशवीतून बाहेर काढू नये. एक शंभर पानी वही घ्यावी आणि तिच्यात गावाची कालगणना मांडावी. मराठवाड्यातली जुनी माणसे सहसा साल सांगत नाहीत, प्रसंग सांगतात: ‘रझाकारात’, ‘पोलिस ॲक्शनमध्ये’, ‘बहात्तरच्या दुष्काळात’, ‘नामांतरात’, ‘भूकंपाच्या साली’. कोण कोणत्या प्रसंगापासून मोजायला सुरुवात करतो, यावरून त्या घराने काय सोसले याचा अंदाज येतो.

या प्रसंगांची वस्तुनिष्ठ माहिती स्वतःजवळ असलीच पाहिजे. हैदराबाद संस्थानावरील लष्करी कारवाई १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. त्याआधी रझाकारांनी गावोगाव केलेले अत्याचार जितके खरे, तितकीच कारवाईनंतरच्या दिवसांत अनेक जिल्ह्यांतील मुस्लिम वस्त्यांवर झालेली हिंसाही खरी. त्या हिंसेची पाहणी करण्यासाठी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली समिती पाठवली गेली होती, पण तिचा अहवाल कित्येक दशके जनतेपुढे आला नाही. एका बाजूची आठवण पाठ्यपुस्तकात आली, दुसरी घराच्या उंबऱ्याआडच राहिली, आणि उंबऱ्याआडच्या आठवणीला कागदाचा आधार नसल्याने ती पिढीगणिक थोडी बदलत गेली. तसेच नामांतराचे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला आणि लगोलग मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी. ज्या वस्तीने ती वर्षे काढली, तिला तुमचा ‘सहा महिन्यांत विश्वासनिर्मिती’ हा प्रकल्पाचा मथळा कसा ऐकू येत असेल, याचा विचार करावा.

वहीत एकाच प्रसंगासाठी दोन रकाने ठेवावेत आणि दोन्ही बाजूंचे कथन त्यांच्याच शब्दांत लिहावे. खरे कोणते, याचा निवाडा वहीत करू नये. तो आपला अधिकारच नाही.

कालगणनेसोबत वर्षाचे वेळापत्रकही उतरवून घ्यावे, कारण कार्यालयात बसून आखलेले कार्यक्रम येथेच फसतात. बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, ज्यांना तिथे ‘कोयता’ म्हणूनच मोजतात, ती या काळात कारखान्याच्या फडावर असतात. जानेवारीत घेतलेल्या ‘सर्वपक्षीय संवाद बैठकी’ला वस्तीतून फक्त म्हातारी माणसे आणि त्यांच्यावर सोपवलेली लेकरे उरलेली असतात, आणि अहवालात मात्र ‘वस्तीचा प्रतिसाद अल्प’ अशी नोंद होते. प्रतिसाद अल्प नसतो. आपण तारीख चुकीची धरलेली असते.

शब्दांची निवड

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. त्यानंतर लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे मूळ जागेवरून हलवून नव्या जागी वसवली गेली. त्या पट्ट्यात आजही ‘पुनर्वसन’ म्हणजे गाव उठवून दुसरीकडे नेणे. दंगलीत घरे जळालेल्या वस्तीत जाऊन आपण पुनर्वसन कार्यक्रमासाठी आलो आहोत असे सांगितले, तर आपल्याला इथून उठवणार, असा अर्थ लोक घेऊ शकतात, आणि घाबरलेली माणसे तो घेतातच. तिथे ‘घरे पुन्हा उभी करायचे काम’ असे सरळ म्हणावे.

अशा शब्दांची यादी प्रत्येक गावासाठी वेगळी करावी लागते. ‘पीडित’ हा शब्द कागदावर ठीक असतो, पण ज्याने कर्ज काढून दुकान पुन्हा उघडले त्याला तो टोचतो. ‘दोन गट’ म्हटले की जे कुणाच्याच अध्यात-मध्यात नव्हते तेही कोणत्या तरी गटात मोजले जातात. वस्तीचे नाव लिहिताना तिथली माणसे स्वतः जे नाव सांगतात तेच लिहावे. महसुली कागदावरची काही जुनी नावे अपमानकारक आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतलेला आहे.

भाषेचेही तसेच. मुस्लिम घरांत दखनी, तांड्यावर गोरमाटी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उमरगा-निलंग्याकडे कन्नड, आणि या सर्वांच्या जोडीला मराठवाड्याची आपली मराठी. पत्रक प्रमाण मराठीत छापावे, पण ते वाचून समजावून सांगणारा माणूस घरच्या बोलीतला असावा. छापलेल्या पत्रकावर लोक फारसा विश्वास ठेवत नाहीत, ते कोणाच्या हातून आले यावर ठेवतात.

संवाद सहायक

या कामाचा सर्वांत चांगला धडा आपल्याच भागात आहे आणि त्याचा पुरेसा उपयोग होत नाही. भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या गावांखेरीज, जागच्या जागी दुरुस्ती व मजबुतीकरण करायची गावे कितीतरी अधिक होती. तिथे घरमालकाने हप्त्याहप्त्याने मिळणाऱ्या अनुदानातून स्वतः बांधकाम करून घ्यायचे होते. हप्ता कधी मिळतो, अभियंता काय तपासतो, भिंतीत काय घालावे, हे सांगणारे कुणी नसेल तर मध्यस्थ माजतात. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्या वेळी गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. त्या घरोघर जाऊन माहिती देत आणि लोकांचे प्रश्न अभियंत्यापर्यंत व तालुक्यापर्यंत पोहोचवत. माहिती खाली आणि प्रश्न वर, असा दुहेरी रस्ता त्यातून तयार झाला.

संघर्ष झालेल्या गावात हीच रचना थोड्या फरकाने करावी. प्रत्येक वस्तीतून एक स्त्री आणि एक तरुण निवडावा, मानधन सर्वांना सारखे द्यावे, आणि किती द्यावे हे सर्वांसमोर सांगावे. निवड सरपंचाच्या यादीवरून करू नये. बचत गटाच्या बैठकीत, आशा सेविकेकडे, अंगणवाडीत विचारावे की अडचण आली तर तुम्ही कोणाला फोन करता. तेच नाव तीन ठिकाणी आले तर माणूस सापडला असे समजावे. संवाद सहायकाला संस्थेचा टीशर्ट घालायला देऊ नये. पुन्हा तणाव झाला की पहिल्या दगडाची दिशा टीशर्टकडे असते.

नाव, चेहरा आणि रक्कम

येथे माझीच एक चूक सांगतो, कारण ती प्रत्येक नवा माणूस करतो. गोदाकाठच्या एका गावात दोन्ही बाजूंची मिळून नऊ दुकाने फुटली होती आणि आमच्या संस्थेने नऊही दुकानदारांना सारखीच मदत केली होती. तिमाही अहवालासाठी एकच फोटो हवा होता. ज्याच्या दुकानाला नवा रंग लागला होता, त्याचा मी घेतला आणि खाली लिहिले: ‘हल्ल्यात उद्ध्वस्त झालेले दुकान पुन्हा सुरू’, शेजारी मदतीची रक्कम. देणगीदाराने तो फोटो आपल्या पानावर लावला. तिसऱ्या दिवशी तो गावाच्या ग्रुपवर आला. उरलेल्या आठजणांचे फोटो नव्हते, म्हणून त्यांना मिळालेली मदतही नव्हती, असा हिशेब झाला. एका बाजूने विचारले, ‘त्यांनाच पैसे का?’ दुसऱ्या बाजूने विचारले, ‘हल्ला म्हणजे आम्ही केला असे लिहून दिले का?’ प्रकरण न्यायालयात होते, आणि त्या एका शब्दाची छापील प्रत एका वकिलाच्या फायलीत जाऊन बसली. त्या दुकानदाराकडे पुढचे कित्येक आठवडे अर्धे गाव फिरकले नाही. त्याने मला एवढेच म्हटले, ‘साहेब, फोटो काढताना तुम्ही विचारलं, पण छापताना नाही विचारलं.’

तेव्हापासून आमच्याकडे संमती दोनदा घेतात: काढताना एकदा आणि वापरताना एकदा. दुसऱ्या वेळी छापायचा मजकूर मोबाईलवर दाखवून किंवा वाचून दाखवून होकार घेतात. रक्कम आणि चेहरा एकाच पानावर येऊ देत नाहीत. घटनेचे वर्णन करताना ‘हल्ला’, ‘दंगेखोर’, ‘हल्लेखोर’ हे शब्द न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत वापरत नाहीत. ‘अमुक तारखेच्या घटनेत नुकसान झालेले दुकान’ एवढे पुरते.

काही बाबतींत संमतीचा प्रश्नच येत नाही, कायदाच आड येतो. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने मनाई आहे. बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४ लागू होते. नाव न लिहिता शाळेचे नाव, वडिलांचा धंदा आणि गल्ली लिहिली तरी छोट्या गावात ओळख पटते, म्हणून तेही टाळावे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली मिळणाऱ्या अर्थसाहाय्याची घोषणा आपण करू नये. ते जिल्हा प्रशासनाचे काम आहे. आपण फक्त अर्ज कुठवर पोहोचला, हे विचारून कुटुंबाला सांगावे.

पारावर वाचून दाखवता येणार नाही असेही काही आपल्याला कळतेच: कोण घाबरले आहे, कोणाला धमकी आली, कोण गुपचूप मदत करतो. ही माहिती अहवालात घालायचीच नाही. ती वेगळ्या, मोजक्या हातांतल्या नोंदीत राहील आणि गरज संपली की नष्ट होईल. आणि पार म्हटले म्हणून तो सर्वांचा असतो असेही समजू नये. अनेक गावांत पारावर कोणी बसायचे हे जुनेच ठरलेले असते, आणि बायका तिथून डोक्यावर पदर घेऊन झपाझप जातात. म्हणून वाचन निदान तीन ठिकाणी करावे: पारावर, दुसऱ्या वस्तीच्या समाजमंदिरात किंवा मशिदीच्या ओट्यावर, आणि बायकांत.

अफवेची वही

रवांडात १९९४ साली एका खासगी रेडिओ केंद्राने द्वेष पसरवून नरसंहाराला चिथावणी दिली आणि पुढे २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्या केंद्राशी संबंधित व्यक्तींना दोषी ठरवले. शेजारच्या काँगोमध्ये २००२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळावर सुरू झालेल्या रेडिओ ओकापीने युद्धाने तुटलेल्या भागांत सर्वांना एकच खात्रीची बातमी ऐकू येईल अशी सोय केली. आपल्याकडे रेडिओची जागा मोबाईलच्या ग्रुपने घेतली आहे.

अफवेसाठी एक वेगळी वही ठेवावी. कुठे ऐकली, किती वाजता, कोणी तपासली, काय निघाले आणि काय सांगितले, असे पाच रकाने. उत्तर देताना अफवेची पुनरुक्ती करू नये. ‘विहिरीत विष टाकले ही अफवा आहे’ असे लिहिले की विहीर आणि विष एवढेच पुढे जाते. त्याऐवजी ‘सकाळी आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्यांनी विहिरीचे पाणी तपासले, पाणी पिण्यायोग्य आहे, सरपंचांनी आणि अमुक वस्तीच्या आजींनी सर्वांसमोर ते प्यायले’ असे लिहावे, अर्थात तसे घडले असेल तरच. उत्तर माहीत नसेल तर वेळ सांगावी: संध्याकाळी सहा वाजता कळवतो. आणि सहा वाजता काहीच कळले नसले तरी ‘अजून कळले नाही’ एवढे सांगायला जावे. या एका सवयीने जो भरवसा बसतो तो कोणत्याही पत्रकाने बसत नाही.

तणाव वाढला की इंटरनेट बंद करण्याचा आदेश निघतो, आणि नेमके तेव्हाच संवादाची गरज सर्वाधिक असते. म्हणून संवाद सहायकांचे साध्या फोनचे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत, आणि कोणी कोणाला फोन करायचा हे आधीच ठरवावे. जमावबंदी असेल तर बैठक घेऊ नये. पोलीस ठाण्याला विचारून घरोघर दोघादोघांनी जावे. काही गावांत अजून दवंडी देणारा आहे. त्याला मजकूर लिहून द्यावा, तोंडी सांगू नये.

भागीदार कोठे शोधावेत

गावात भागीदार शोधताना पहिली यादी सरकारी होते: सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, मुख्याध्यापक. ती आवश्यक आहे आणि पहिल्या आठवड्यातच त्यांची भेट घ्यावी, नाहीतर पुढे प्रत्येक कागद अडतो. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात सुरू झाली आणि अनेक गावांत तिची समिती कागदावर तरी आहे. समिती जिवंत आहे की नाही, हे तिच्या नोंदवहीतली शेवटची तारीख पाहून कळते. पोलीस ठाण्याची शांतता समिती बहुधा सणांच्या आधी बसते, तेच चेहरे येतात, चहा होतो, फोटो होतो.

समित्या उपयोगी पडत नाहीत असे नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या, त्यांत दोन्ही समाजांतली साधी माणसे घेतली, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यातला लक्षात घेण्याजोगा भाग असा की या समित्या शांततेच्या काळात बांधल्या गेल्या होत्या आणि त्यांत पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतली माणसे अधिक होती.

दुसरी यादी अधिक महत्त्वाची आणि ती कोणत्याही कार्यालयात मिळत नाही: भांडण झाल्यावरही ज्यांच्यावाचून दोन्ही बाजूंचे अडते अशी माणसे. दूध संकलन केंद्र चालवणारा, खत-बियाण्यांचा दुकानदार, पंप दुरुस्त करणारा मिस्त्री, नळाचे पाणी सोडणारा कर्मचारी, बाळंतपणाला धावणारी सुईण किंवा आशा, आठवडी बाजारातले बागवान आणि भाजीवाल्या, उरुसाच्या आणि जत्रेच्या पंचकमिटीतले जुने लोक. ही माणसे ‘शांतता’ हा शब्द वापरत नाहीत, पण बाजार पुन्हा भरावा यात त्यांचा स्वार्थ असतो, आणि असा उघड स्वार्थ हा भागीदारीचा टिकाऊ पाया असतो. एका बैठकीत मी दोन तास सलोख्यावर बोललो आणि कोणी हलले नाही. शेवटी एका दूधवाल्याने विचारले की संकलनाची गाडी पुन्हा कधी येणार, आणि त्या प्रश्नावर दोन्ही बाजू पहिल्यांदा एकमेकांशी बोलल्या. पुढची बैठक आम्ही दुधावर ठेवली.

भागीदारीचा करार लहान असावा. मराठीत, दोन पानांत, आणि त्यात या गोष्टी स्पष्ट असाव्यात: पत्रकारांशी कोण बोलेल, छायाचित्रांवर हक्क कोणाचा, मतभेद झाला तर कोणाकडे जायचे, संस्था कधी निघून जाईल आणि मागे काय ठेवील. शेवटचा मुद्दा लिहायला संस्था कचरतात. तो लिहिला नाही की संस्था कायम राहणार असे लोक धरून चालतात.

स्थानिक पत्रकार हेही भागीदारच. तालुक्याचा वार्ताहर बहुतेकदा दुसरा व्यवसाय सांभाळून बातम्या देतो. त्याला घाईत मजकूर लागतो आणि मथळा त्याच्या हातात नसतो. घटना घडल्यावर प्रथमच त्याला फोन करण्याऐवजी शांत दिवसांत त्याच्या टेबलाशी बसून चहा घ्यावा. बातमी देताना दोन्ही वस्त्यांची माणसे एकाच कामात दिसतील असा मजकूर द्यावा, पण ‘हिंदू-मुस्लिम ऐक्याचे दर्शन’ छापाचा मथळा सुचवू नये. ज्या गावात रोजचा व्यवहार चालतो तिथे त्याचे प्रदर्शन मांडले की लोकांना अवघडल्यासारखे होते.

पैसा आणि कागदपत्रे

येथे थोडक्यात सांगतो, कारण लेखापाल तुम्हाला अधिक सांगेल. परदेशी देणगी घ्यायची तर विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही देणगी प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते, ती दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली आहे. याचा अर्थ असा की गावातल्या छोट्या मंडळाला ‘आमच्या प्रकल्पातून तुम्हाला निधी देऊ’ असे आश्वासन देण्यापूर्वी तो निधी कुठला आहे हे विचारावे. उत्साहात दिलेले असे एक आश्वासन मागे घेताना जेवढी मानहानी होते, तेवढी दुसऱ्या कशाने होत नाही.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येतो: ठराविक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करायचे असतात, आणि कशावर करायचे ते सातव्या अनुसूचीत दिले आहे. त्यात शिक्षण, उपजीविका, आपत्तीनंतरची मदत व पुनर्बांधणी आहे. ‘सलोखा’ असा स्वतंत्र विषय नाही. त्यामुळे प्रस्ताव उपजीविकेचा असतो आणि सलोखा त्याच्या रचनेत गुंफावा लागतो, उदाहरणार्थ दोन्ही वस्त्यांच्या बचत गटांना मिळून एकच डाळमिल. यात लबाडी नाही, मात्र कंपनीला हे आधी सांगावे.

अहवालात काय मोजावे

‘गावात शांतता प्रस्थापित झाली’ हे वाक्य कोणत्याही अहवालात लिहू नये. ते खरे असले तरी सिद्ध करता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी खोटे ठरू शकते. लोकांनाच विचारावे की सगळे पहिल्यासारखे झाले हे तुम्ही कशावरून ओळखाल. मला मिळालेली उत्तरे अशी: रात्री नऊनंतर त्या रस्त्याने मोटारसायकल नेता येते का, लग्नात त्यांचा बँड बोलावतात का, न्हाव्याच्या दुकानात पुन्हा एकाच बाकावर बसतात का, शेळ्या चारायला पोरी ओढ्यापलीकडे जातात का, उसनवार चालते का. ही उत्तरे दर महिन्याला तीच माणसे देतात, आणि आम्ही ती होय-नाहीत मांडतो. पाचपैकी दोन होय असतील तर दोनच लिहितो. एका देणगीदाराच्या प्रतिनिधीने सुरुवातीला याला ‘फार गावठी’ म्हटले. नंतर त्यांनीच ते दुसऱ्या प्रकल्पांत मागितले.

वाचून दाखवण्याचा दिवस अहवालाच्या मुदतीच्या आठ दिवस आधी धरावा. लोक दुरुस्त्या सांगतात, त्या बहुधा आकड्यांच्या नसतात. ‘आम्ही मदत मागितली नव्हती, तुम्ही दिली’, ‘ते आधी आले असे लिहा’, ‘माझ्या नवऱ्याचे नाव नको’, अशा असतात. त्या तशाच घ्याव्यात. दोन्ही वस्त्यांच्या दुरुस्त्या एकमेकींना छेद देत असतील तर दोन्ही शेजारी शेजारी लिहाव्यात. देणगीदार वाचतो, त्याला समजते.

निघताना

प्रकल्प संपायच्या तीन महिने आधी वह्या, फोन क्रमांकांचा कागद आणि करारांच्या प्रती गावात कोणाकडे राहतील हे ठरवावे. कालगणनेच्या वहीतली वैयक्तिक नावे काढून तिची एक प्रत दोन्ही वस्त्यांना द्यावी; आमच्याकडे एका गावात ती आता शाळेच्या कपाटात आहे आणि नववीची मुले तिच्यात भर घालतात. छायाचित्रे ज्यांची आहेत त्यांना छापून द्यावीत आणि ज्यांनी नको म्हटले त्यांची मूळ फाईलही पुसावी, त्यांच्यासमोर. संवाद सहायकांपैकी एकीच्या फोनवर तालुक्याचे, ठाण्याचे आणि आरोग्य केंद्राचे क्रमांक आहेत ना, हे शेवटच्या बाजाराच्या दिवशी स्वतः तपासावे, आणि त्यातला प्रत्येक क्रमांक एकदा लावून पाहावा.